रायफल घ्यायची तर लाकूड-पोलादाचीच!



आधीच एक सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. मी शिकारीचा समर्थक नाही. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि हौसेची शिकार बंद झाली, हे उत्तम झालं. तरीही आज मी रायफलीवर लिहिणार आहे, आणि तेही "कोणती रायफल चांगली" या विषयावर! घरातल्या काही मंडळींना धक्का बसेल. बसू दे.

निमित्त आहे पुतण्याच्या प्रश्नाचं. तो उमरेडकडे शेती करतो. सोयाबीन, तूर, थोडी मिरची. थोरल्या बंधूंच्या नावावरचा शस्त्रपरवाना रीतसर त्याच्या नावावर झाला. जुनी रायफल मात्र कामातून गेलेली. त्याने घरच्या व्हॉट्सॲप गटावर साधा प्रश्न विचारला, "नवी कोणती घेऊ?" झालं! अर्ध्या नातेवाईकांनी त्याला गांधीजी आणि भूतदया शिकवली. उरलेल्या अर्ध्यांनी, म्हणजे भाचे कंपनीने, परदेशी चित्रफिती पाठवल्या. काळ्या प्लास्टिकच्या, सिनेमातल्या कमांडोच्या हातात शोभतील अशा बंदुका. माझं म्हणणं असं की या दोन्ही बाजू चुकलेल्या आहेत, आणि दोघांच्या चुकीचं कारण एकच. रात्री वावरात काय चाललंय हे दोघांनाही ठाऊक नाही.

तर ते आधी सांगतो.

रानडुकरांचा कळप एका रात्रीत वावर उकरून टाकतो. रोही (पुण्या-मुंबईचे लोक नीलगाय म्हणतात) हरभऱ्यात आणि तुरीत शिरला की खातो त्यापेक्षा तुडवतो जास्त. शेतकरी जागलीला जातो, डबे वाजवतो, फटाके फोडतो. चार दिवसांत जनावरांना सवय होते. मग काही जण काय करतात? विजेच्या खांबावर आकडा टाकून धुऱ्यावरच्या तारेत थेट करंट सोडतात. काही जण खाण्याच्या गोळ्यात स्फोटक भरून ठेवतात, त्याला गावठी बॉम्ब म्हणतात. काही जण क्लच वायरचे फासे लावतात.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण शहरात ती नेहमी गोंधळते. सौर कुंपणाचं 'झटका मशीन' वेगळं आणि ही जिवंत तार वेगळी. झटका मशीन क्षणाच्या अगदी लहान भागापुरता धक्का देतं आणि थांबतं. जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. जिवंत तारेत प्रवाह सतत असतो. जो चिकटला तो गेला. मग ते डुक्कर असो, गाय असो, शेजारचा माणूस असो की वाघ असो. तारेला वाचता येत नाही.

२०१७ च्या एप्रिलमध्ये नागभीडकडे 'श्रीनिवास' नावाचा तरुण वाघ अशाच तारेला चिकटून मेला. उमरेड-कऱ्हांडल्याच्या प्रसिद्ध 'जय'चा हा बछडा, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दुसरी घटना. ब्रह्मपुरी भागात माणसं मारल्यामुळे एक वाघीण पकडून बोर अभयारण्यात सोडली होती. तिथून ती बाहेर पडली, पुन्हा माणसं गेली, तिला ठार करण्याचा आदेश निघाला, आमच्या नागपूर खंडपीठात त्यावर वादविवाद झाले. तिला गोळी घालावी की घालू नये यावर वर्तमानपत्रांत रकाने भरत होते. आणि वर्धा जिल्ह्यातल्या एका शेतातल्या जिवंत तारेने तो प्रश्न परस्पर निकालात काढला! ना आदेश, ना अपील.

२०२० मध्ये केरळात पालक्काड जिल्ह्यात एक गाभण हत्तीण तोंडात स्फोट होऊन, दिवसचे दिवस पाण्यात उभी राहून मेली. सगळा देश हळहळला. ते स्फोटकही डुकरांसाठीच ठेवलेलं असावं, असं तपासात पुढे आलं. माझ्या भूतदयावादी नातेवाइकांनीही तेव्हा तो फोटो पाठवला होता. त्यांना माझा एकच सवाल. रायफल नको म्हणता, ठीक. मग या तारेचं आणि या बॉम्बचं काय? तुमच्या "नको" मुळे डुक्कर वाचत नाही हो. ते फक्त जास्त हाल होऊन मरतं, आणि सोबत दुसऱ्यांना घेऊन जातं.

आता कायद्याकडे या. वन्यजीव कायद्याच्या ११ व्या कलमात स्पष्ट लिहिलंय की काही प्राणी माणसाला किंवा मालमत्तेला धोकादायक झाले, तर अधिकारी त्यांना मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतो. आणि मालमत्तेत 'शेतातलं उभं पीक' धरलेलं आहे. महाराष्ट्रात रोही आणि रानडुकरांसाठी अशा परवानगीची पद्धत २०१५ मध्ये शासनाने ठरवून दिली. म्हणजे कागद मिळतो. पण कागदाने डुक्कर मरत नाही. मारायचं कशाने?

याचं उत्तर १९५९ च्या शस्त्र कायद्यात आहे, आणि ते वाचून मी तर कपाळावर हात मारून घेतला. पिकाच्या राखणीसाठी त्या कायद्याने शेतकऱ्याला नेमून दिलेलं हत्यार आहे ठासणीची बंदूक! तोंडातून दारू ठासायची, चिंधी कोंबायची, छर्रे घालायचे, ती बंदूक. त्याने भागणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक. रायफल हवी तर वेगळं सबळ कारण दाखवा. चंद्रावर यान उतरवणाऱ्या देशात शेतकऱ्याच्या हाती पेशव्यांच्या काळातलं तंत्र!

यात नुसती गैरसोय नाही, क्रौर्य आहे. गुळगुळीत नळीतून सुटलेले छर्रे फाकतात. मोठ्या नर डुकराच्या खांद्यावर कातडीखाली ढालीसारखा कठीण थर असतो. त्यात छर्रे अडकतात. जनावर पडत नाही, पळतं. नाल्यात जाऊन दोन-चार दिवसांनी मरतं, किंवा जगतं आणि चवताळतं. मग सकाळी कापूस वेचायला गेलेल्या बाईच्या अंगावर येतं.

अर्धवट गोळीची किंमत काय असते याचं उदाहरण सगळ्या जगाला ठाऊक आहे. कुमाऊंतल्या चंपावतच्या वाघिणीने ४३६ माणसं मारली असा हिशेब होता. १९०७ मध्ये जिम कॉर्बेटने तिला मारलं तेव्हा तिचे उजव्या बाजूचे सुळे मोडलेले निघाले. जुन्या गोळीची जखम! नैसर्गिक शिकार करता येईना म्हणून ती माणसांकडे वळली, असा कॉर्बेटचा निष्कर्ष. कोणाची तरी एक वाईट गोळी, आणि ४३६ चिता.

म्हणून माझं म्हणणं असं. मारायचंच नसेल तर मारू नका, कुंपण घाला. पण परवानगी घेऊन मारायचं ठरलं असेल तर एका गोळीत, वेदना न देता मारता आलं पाहिजे. त्यासाठी चांगली रायफल हवी आणि शिकलेला हात हवा. बाकी सगळं ढोंग आहे.

आता पुतण्याच्या मूळ प्रश्नावर येतो. कोणती?

बोल्ट ॲक्शन. याबद्दल दुमत नको. दाराच्या अडसरासारखा एक पोलादी दांडा असतो. हँडल वर उचला, मागे ओढा, रिकामं काडतूस बाहेर पडतं. पुढे ढकला, नवं आत जातं. हँडल खाली केलं की अडसर बसला. याची मोठी गंमत अशी की दुसरी गोळी आपोआप येत नाही, हाताने आणावी लागते. तेवढ्या वेळात माणूस विचार करतो. हा या हत्याराचा दोष नाही, हाच गुण आहे. पहिलीच गोळी नीट मारायला ती शिकवते. मुलांना पेन्सिल काढून शाई दिली की अक्षर सुधारतं, तसंच हे.

या यंत्राला नीट रूप दिलं जर्मनीच्या पाउल माउझरने, १८९८ साली. बोल्टच्या पुढच्या टोकाला दोन भक्कम दात, मागे एक तिसरा राखीव, आणि बाजूला एक लांब पंजा. काडतूस पेटीतून निघताक्षणी हा पंजा त्याचं बूड धरतो आणि बाहेर फेकेपर्यंत सोडत नाही. म्हणजे घाईत, अंधारात, तिरकं धरलं तरी काडतूस अडकत नाही. चंपावतच्या वाघिणीनंतर कॉर्बेटला जी पॉइंट २७५ बोअरची रिग्बी रायफल भेट मिळाली ती याच माउझर घराण्यातली. अमेरिकेत विंचेस्टर कंपनीने १९३६ पासून 'मॉडेल ७०' मध्ये असाच पंजा ठेवला होता. १९६४ मध्ये खर्च वाचवायला तो काढून टाकला. लोक इतके नाराज झाले की १९६४ पूर्वीच्या जुन्या रायफली शोधून शोधून जास्त पैसे देऊन घेऊ लागले. शेवटी १९९२ मध्ये कंपनीला तो परत आणावा लागला! चांगली वस्तू स्वस्त करायच्या नादात बिघडवली तर गिऱ्हाईक ओळखतो, फक्त त्याला वस्तूची पारख हवी.

आपल्याकडे मात्र निवड मर्यादित आहे. साध्या परवानाधारकाला परदेशी नवी रायफल आणणं जवळपास अशक्य. घराघरांतल्या जुन्या माउझर, मॅनलिकर, बीएसए हातबदल होत राहतात. नवी घ्यायची तर सरकारी कारखान्याची पॉइंट ३१५. लढाईतल्या ली-एन्फिल्डच्या घराण्यातली ही इशापूरची रायफल. हा ३१५ आकडा आला कुठून? सैन्याचं ३०३ चं काडतूस लोकांच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांनी लोकांसाठी वेगळं काडतूस ठेवलं. इंग्रज गेले, ३०३ अजून प्रतिबंधितच आहे, आणि ३१५ आपल्या गळ्यात कायमचं पडलं. असो. पण त्याचा एक फायदा आहे. ३१५ ची काडतुसं देशात बनतात. आपल्या खडकीच्या कारखान्याची 'केएफ' ही अक्षरं त्यांच्या बुडावर असतात. जुनी देखणी विलायती रायफल घेतली आणि काडतूस मिळालंच नाही, तर ती दिवाणखान्यात टांगायची. तेव्हा नियम पहिला: आधी काडतूस बघा, मग रायफल.

दुकानात गेल्यावर काय बघायचं? थोरले बंधू सांगत आणि करून दाखवत, तेच लिहितो.

१. रायफल रिकामी असल्याची खात्री स्वतः करा. दुकानदाराने केली असली तरी. मग बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे बघा. पिळदार खाचा शेवटपर्यंत स्वच्छ, चकचकीत दिसल्या पाहिजेत. काळे डाग, खड्डे दिसले तर ठेवून द्या, किंमत कितीही उतरवू देत.

२. बोल्ट दहा-वीसदा मागेपुढे करा. खरखर चालेल, ती वापराने जाते. अडकणं चालणार नाही. काडतुसाची जागा आणि बोल्ट यांतलं अंतर जाणत्या कारागिराकडून मोजून घ्या. जुनी रायफल असेल तर याशिवाय एकही गोळी उडवू नका.

३. घोडा दाबताना आधी सैल, मग अडखळत, मग एकदम सुटणारा नको. काच मोडावी तसा एका क्षणी सुटावा. दीड-दोन किलोच्या आसपास जोर पुरे.

४. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, मग डोळे उघडा. माशी आणि खाच आपोआप एका रेषेत दिसली तर दस्ता तुमच्या मापाचा. मान वाकडी करावी लागली तर नाही.

५. दस्त्याचं लाकूड बघा. सगळ्यात चांगलं अक्रोडाचं. मुठीजवळ, जिथे लाकूड सगळ्यात बारीक असतं, तिथे रेषा सरळ लांबीने गेलेल्या हव्यात. तिथे रेषा आडव्या गेल्या असतील तर नक्षी कितीही सुंदर असो, धक्क्याने तिथेच तडकणार. जिथे पोलाद लाकडात बसतं तिथे फट नको.

एकाच कारखान्याच्या दोन रायफली सारख्या नसतात. दुकानात चार असतील तर चारही काढायला लावा. लाजू नका. आपण नारळ नाही का वाजवून घेत?

आता भाचे कंपनी म्हणेल, "मामा, लाकूड पावसात फुगतं. प्लास्टिक फुगत नाही." खरं आहे. प्लास्टिकचा हा गुण मी मान्य करतो. पण लाकडाला त्याचं औषध आहे, आणि ते आपल्याच वावरात पिकतं. जवस! जगभरचे कारागीर रायफलीच्या दस्त्याला जवसाचं तेल चोळत आले आहेत, क्रिकेटच्या बॅटला चोळतात तसंच. विदर्भात जवसाची चटणी न खाल्लेला माणूस सापडायचा नाही आणि तेलासाठी आपण परदेशी डबे शोधतो! पातळ हात द्यायचा, तळव्याने घासायचं, वाळू द्यायचं, पुन्हा द्यायचं. पावसाळ्याआधी आणि नंतर. एक सावधगिरी: तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, चिंधी आपोआप पेट घेते.

दुसरं, लाकडाचा दस्ता लांब असेल तर सुतार कापून देतो, आखूड असेल तर जोड देतो, तडकला तर चिकटवतो. साच्यातून निघालेल्या प्लास्टिकचं सुतार काय करणार? आणि पंचेचाळीस डिग्रीच्या मे महिन्यात पोलादाला हात लावता येत नाही तेव्हा लाकूडच हातात राहतं. लाकडाच्या रायफलीचं वजनही खांद्याला बसणारा धक्का कमी करतं. हलकी रायफल दुकानात आवडते, पहिल्या गोळीनंतर आवडत नाही. आणि धक्क्याला घाबरलेला माणूस घोडा दाबताना डोळे मिटतो. मग झालीच ती अर्धवट गोळी!

पण माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. काळ्या प्लास्टिकची ती बंदूक दिसायला युद्धाची आहे. ती हातात घेतलेला तरुण स्वतःला शिपाई समजतो आणि समोरच्याला शत्रू. रानडुक्कर शत्रू नाही. ते आपल्याइतकंच भुकेलं आहे, आणि त्याचं रान आपणच खाल्लंय. त्याला मारावं लागतंय ही नाइलाजाची गोष्ट आहे, पराक्रमाची नाही. लाकूड-पोलादाची रायफल हे अवजार आहे, नांगरासारखं, विळ्यासारखं. तिला तेल लावावं लागतं, पुसावं लागतं, पावसात जपावं लागतं. बंधू जुन्या काडतुसांच्या काळात रायफल चालवली की त्याच रात्री नळीतून उकळतं पाणी ओतत, कारण त्या काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्याच्या क्षारांनी एका रात्रीत गंज धरे. कितीही दमले असले तरी. जो माणूस हत्यार इतकं जपतो तो ते उगाच उचलत नाही.

काही आक्षेप येणार, त्यांना आत्ताच उत्तर देतो.

"रायफलीची गोळी किलोमीटरच्या किलोमीटर जाते, कोणाला लागली तर?" अगदी बरोबर. म्हणूनच सपाट वावरात जमिनीवर उभं राहून रायफल मारायचीच नाही. मचाणावरून, खाली, गोळी मातीत जाईल अशीच. जनावर ओळखू आलं नाही तर नाही. मागे काय आहे ते दिसलं नाही तर नाही. म्हणून तर शिकलेला हात म्हणतोय.

"बंदुका वाढल्या की लग्नाच्या वरातीत आणि भांडणात वापरल्या जातील." मी घरटी बंदूक मागत नाही. ते मागणारे पुढारी मत मागतायत, उपाय नाही. एवढ्या लांबीची रायफल कमरेला लपवता येत नाही. मला हवंय ते एवढंच, की तालुक्यात पाच-दहा तपासलेले, नेमबाजीची परीक्षा दिलेले परवानाधारक असावेत, त्यांना पिकासाठी रायफल मिळावी, आणि शेतकऱ्याचा अर्ज मंजूर झाला की त्यांनी जावं. केरळने २०२२ मध्ये परवानगीचा अधिकार थेट गावपातळीवर दिला आणि काम परवानाधारक नेमबाजांकडे सोपवलं; विष, स्फोटक, करंट यांना मनाई ठेवून. उलट २०१६ मध्ये बिहारला मोकाम्याच्या रोह्यांसाठी हैदराबादहून नेमबाज बोलवावे लागले. दोनशेहून अधिक जनावरं पडली आणि दिल्लीत दोन केंद्रीय मंत्री एकमेकांवर पडले. वेळेवर, थोडं, गावातल्या गावात केलं नाही की असं होतं.

आणि एक आपली खास गंमत. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला लावतात. आपल्या विधानसभेच्या गेल्या तिन्ही निवडणुका कधी झाल्या? ऑक्टोबर २०१४, ऑक्टोबर २०१९, नोव्हेंबर २०२४. म्हणजे कापूस, तूर वावरात उभी असताना! बंदूक ठाण्यात, डुक्कर वावरात. त्या काळात तार मात्र कुठेच जमा करावी लागत नाही.

"कुंपण हाच खरा उपाय." मान्य! आधी कुंपण, झटका मशीन, सामाईक राखण. रायफल सगळ्यात शेवटी. पण शेवटी म्हणजे कधीच नाही असं नव्हे.

एकेकाळी आमचं नागपूर शिकारीच्या धंद्याचं मोठं ठाणं होतं. विद्याचरण शुक्लांनी राजकारणात येण्याआधी इथेच मॉरिस कॉलेजात शिकून 'ऑल्विन कूपर' ही कंपनी काढली होती, मध्य भारतातल्या जंगलांत मोहिमा नेणारी. तो काळ गेला, बरं झालं. पण त्याच्यासोबत नेम, संयम आणि जखमी जनावराचा माग सोडायचा नाही ही शिस्तही गेली, आणि तिच्या जागी आली आकड्याची तार. याला मी प्रगती म्हणायला तयार नाही.

तेव्हा पुतण्या, तुला माझं उत्तर. ३१५ घे, लाकडाच्या दस्त्याची, चार बघून एक घे. आधी कागदावर नेम धर. पन्नास मीटरवरून पाच गोळ्या तुझ्या तळहाताएवढ्या जागेत पडल्याशिवाय वनखात्याकडे अर्ज करू नकोस. अर्ज केलास तर मंजुरीचा कागद खिशात असल्याशिवाय मचाणावर चढू नकोस. आणि शेजारच्या धुऱ्यावर कोणी आकडा टाकताना दिसला, तर भिडेखातर गप्प बसू नकोस. त्याला सांग, तुझं डुक्कर मी बघतो, तार काढ.

जवसाचं तेल मी पाठवतो.